याकोबसाहेबांची पंधरा मिनिटं

दिवसभराचा बेत लिहून काढायचा, त्यातली पहिली पंधरा मिनिटं पाळायची, उरलेला कागद फाडून टाकायचा आणि पुन्हा दिवसभराचा बेत लिहायला बसायचं, असा माणूस मी सत्तर वर्षांत एकच पाहिला. याकोबसाहेब. त्यांना पगारही याच कामाचा मिळायचा. आमच्याकडं असं वागणाऱ्याला घरातलं माणूस चहा विचारत नाही.

वडगाव रासाईच्या अलीकडं, भीमेच्या काठाला आमची वस्ती आहे. वस्तीला लागून गायरान आणि गायरानाच्या तोंडाशी माझी पिठाची गिरणी. नवरा गेल्यापासून ती मीच चालवते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण मोटरीचा आवाज ऐकून बिघाड सांगते. काही वर्षांपूर्वी एका कंपनीनं गायरानावर सौर पाट्या मांडल्या आणि त्यांच्या शेजारी एक पांढरी पत्र्याची पेटी आणून ठेवली. लांबीला निम्म्या एसटीएवढी. आत नुसत्या बॅटऱ्या. दिवसा पाट्यांची वीज आत साठायची आणि लाइन गेली की ती बाहेर यायची.

पेटी आमच्या एकट्यांची नव्हती. पूल ओलांडला की पलीकडचं गाव दौंड तालुक्यात. त्यांच्यात आणि आमच्यात मिळून एक पेटी, भावकीत सामाईक विहीर असते तशी. फरक एवढाच, की विहिरीला पाळ्या असतात. सोमवार थोरल्याचा, मंगळवार धाकट्याचा. भांडण झालं तरी पाळी कुणाची हे सगळ्यांना ठाऊक असतं. या पेटीला पाळ्या नव्हत्या. कुणाला केव्हा किती द्यायची, ते आतलं यंत्र ठरवणार. वर्षभर बिल माफ. वर्षाच्या शेवटी एक परीक्षा घ्यायची. पेटी पास झाली तर कायमची इथं, नाहीतर क्रेन लावून उचलायची. आणि याकोबसाहेबांचं पोट त्या पेटीला बांधलेलं. पेटी राहिली तर त्यांची नोकरी पक्की, गेली तर ते घरी. पंचावन्न वर्षांच्या माणसाला दुसरीकडं कोण घेणार?

साहेब शिरूरचे. जुन्या मिशन कंपाउंडात वाढलेले, वडील तिथल्याच शाळेत सुतारकाम शिकवायचे. हे स्वतः वीस वर्षं एका कारखान्यात यंत्रांपुढं बसले. तो कारखाना उठून दुसऱ्या राज्यात गेला आणि साहेब आमच्या गायरानावर आले. उंच, मान लांब, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला चार पेनं. चारांतलं एकच चालायचं आणि ते कोणतं, हे त्यांना रोज नव्यानं शोधावं लागायचं. गळ्यात एक काळा दोरा असायचा. ख्रिस्ती माणूस, क्रूस असेल असं मला वाटलं. एकदा वाकले तेव्हा बघितलं, तर किल्ली. यंत्र बंद करून पेटी हातानं चालवायचं एक बटण आत काचेमागं होतं, त्याची किल्ली.

"ही किल्ली वापरायची नाही, म्हणून गळ्यात आहे," ते म्हणाले.

"न्हाई वापरायची तर ठिवायची कशाला?"

"दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून."

दुपारचा डबा ते माझ्या गिरणीच्या दारात बसून खायचे. सावली होती आणि मी बोलायची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला पेटीचं डोकं समजावून सांगितलं. पुढच्या चोवीस तासांत ऊन किती पडेल, ढग केव्हा येतील, कोण केव्हा मोटर लावेल, संस्थेत दूध केव्हा येईल, याचा अंदाज यंत्र बांधतं. त्यावरून पेटी केव्हा भरायची, केव्हा सोडायची, याचा सगळा बेत करतं. त्या बेतातला पहिला पाव तास तेवढा खरा. पाव तास झाला की पुन्हा आभाळाकडं बघायचं, मीटर बघायचं आणि नवा बेत. साहेब तोच उद्योग कागदावर करायचे, यंत्राशी ताडून बघायला.

"साहेब, फाडायचाच असंल तर चोवीस तासांचा करता कशाला? पाव तासाचाच करा की."

"आक्का, पुढचं बघितल्याशिवाय आत्ताचं ठरत नाही."

"आन् बघितलेलं खरं व्हतं?"

"कधीच नाही."

"मग?"

"म्हणून तर फाडायचं!"

हे सांगताना त्यांचा चेहरा असा, की आता पेढे काढतील.

मी म्हणाले, यात नवल काय? चाळीस वर्षं मी हेच करते. बाजाराच्या आदल्या दिवशी गर्दी होणार म्हणून सकाळीच छिन्नीनं दगडाला टाकी लावून ठेवते. शाळांना सुट्टी लागली की पाहुणे येणार, बाजरीचं दळण कमी आणि गव्हाचं जास्त. पाऊस दिसला की बायका चार दिवसांचं एकदम घेऊन येणार. मला तर कुणी पेटी दिली नाही. साहेबांनी जेवण सोडून चालणारं पेन शोधलं आणि सगळं लिहून घेतलं. "हे यंत्राला सांगायला हवं," म्हणाले. चाळीस वर्षांत माझं म्हणणं कुणी पहिल्यांदाच लिहून घेतलं, तेही एका यंत्रासाठी.

घरीही त्यांचं तेच. त्यांची बायको सुशीलाबाई शिरूरला दवाखान्यात नर्स. एकदा पेटी बघायला आल्या होत्या. मी विचारलं, घरात कसे वागतात? म्हणाल्या, "लग्नाला होकार दिला, तर पाव तासानं यांचा निरोप आला, की अजून होकारच आहे. आणखी पाव तासानं पुन्हा निरोप, अजून होकारच. शेवटी माझे वडील म्हणाले, त्या माणसाला आत बोलवा आणि दाराला कडी घाला."

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "परिस्थिती बदलू शकत होती."

अंदाज मात्र ते जाहीर करायचे. दारातून ओरडायचे, "आक्का, तीन वीसला ढग!" तीन वीसला वस्तीवरची झाडून सगळी माणसं वर बघायची. ढग आला तर साहेब गप्प. नाही आला तर खूश. "चुकलं! आता ते शिकेल." आपलं चुकलं म्हणून आनंद होणारा माणूस गावात कसा टिकणार, हे मला तेव्हाच दिसत होतं. त्यांना चोवीस तासांपुढचं दिसायचं नाही.

आता आप्पांकडं येते. आप्पा म्हणजे आमच्या दूध संस्थेचे अध्यक्ष. ऊस, मोठा गोठा, आणि दोन निवडणुका जिंकल्यावर घशाला चढतो तसला आवाज. शाळेच्या पडवीत बैठक होती, तिथं साहेब मोठ्या अभिमानानं बोलून गेले, "यंत्र तुमच्या सवयी शिकतं. ज्याचा वापर जास्त, त्याच्यासाठी ते आधीच राखून ठेवतं."

शहाण्या माणसानं असलं वाक्य आमच्यासमोर बोलू नये. दुसऱ्या दिवशी आप्पांच्या गोठ्यात कडबाकुट्टी सुरू झाली ती थांबेच ना. मी डोकावले. आत कडब्याची काडी नाही, यंत्र नुसतं गरगरतंय.

"आप्पा, कुट्टीत कडबाच न्हाई."

"कडब्याचं काय काम, हौसाक्का? मीटर फिरल्याशी मतलब. आपली सवय मोठी दिसली तर वाटा मोठा मिळंल. न्हाईतर पलीकडची खातील समदं."

आठ दिवसांत वस्तीभर साथ पसरली. ऐन उन्हाळ्यात घरोघर गिझर लागले. बायका कढत पाणी अंगणात ओतायच्या. म्हशींनी आयुष्यात पहिल्यांदा कोमट पाणी प्यायलं आणि तोंडं फिरवली. विहिरीवरच्या मोटरी पाणी उपसून परत विहिरीतच सोडत होत्या. मीही मागं राहिले नाही. संध्याकाळी दगड मोकळे सोडून तीन तास रिकामा पट्टा फिरवायची. सगळे लुटत असताना आपण हात बांधून बसलं तर लोक मूर्ख म्हणतात, आणि विधवेला मूर्ख म्हणायला लोक टपलेलेच असतात.

पलीकडं मात्र हे झालं नाही. तिथली दूध संस्था बायकांची, अध्यक्ष कमल. तिनं संस्थेच्या दारात उभं राहून सांगितलं, "रिकामी मोटर लावणाराचं दूध मी घेनार न्हाई." आणि खरंच दोघींच्या किटल्या परत पाठवल्या. आम्ही तिला हसलो.

आणि याकोबसाहेब? त्यांच्या कम्प्युटरच्या पडद्यावर आमच्या वस्तीची रेघ वर वर चढत होती आणि ते मला दाखवायला यायचे. "बघा आक्का, वस्ती प्रगती करतेय!" पुण्याच्या ऑफिसलाही तसं कळवलं. कारखान्यात वीस वर्षं काढलेला माणूस, पण मोटर रिकामी फिरू शकते हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. कारखान्यात कुणी रिकामी फिरवत नसेल.

एके दिवशी ते संध्याकाळी उशिरापर्यंत थांबले आणि आपला गव्हाचा डबा घेऊन गिरणीत आले. पट्टा फिरतोय, दगड मोकळे, वर दाणा नाही, खाली पीठ नाही. मी स्टुलावर बसून लसूण सोलत होते.

"आक्का, काय दळताय?"

"सवय लावतीय."

"कुणाला?"

"तुमच्या पेटीला."

ते गव्हाच्या डब्यावर बसले. मी सगळं सांगून टाकलं. आप्पांची कुट्टी, गिझर, विहिरी, सगळं. लपवायचं काय त्यात, त्यांनीच तर शिकवलं होतं. ते ऐकत होते आणि पट्ट्याकडं बघत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "यंत्र ओळखेल. त्याला थोडा वेळ द्या."

परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते. परीक्षा अशी, की सकाळी सात ते संध्याकाळी सात बाहेरची लाइन बंद. दोन्ही गावांनी पेटीवर आणि पाट्यांवर दिवस काढायचा. दोन्हीकडच्या दुधाच्या टाक्या गार राहिल्या पाहिजेत. उन्हाळ्यात टाकी तापली तर दूध नासतं, आणि दूध नासलं तर पेटी गेली.

मग साहेब वही घेऊन घरोघर फिरले. रोज कोण खरं किती वापरतं, ते तोंडी विचारायला. आप्पांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "कुट्टी सहा तास. आमची जनावरं लई खात्यात." साहेब माझ्याकडं आले तेव्हा मी म्हणाले, साडेचार तास. खरं दळण दीड तासाचं होतं. पट्टा रिकामा फिरतो हे मीच त्यांना सांगितलं होतं, तरी साडेचार म्हणाले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि साडेचार लिहून घेतलं. त्यांनी तेव्हाच दोन शब्द सुनावायला हवे होते, असं मला आजही वाटतं. पण त्यांचा भरवसा यंत्रावर.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आमच्याकडं सगळे शहाण्यासारखे वागले. आप्पांनीच बजावलं होतं, "आज कुनी वंगाळपना करायचा न्हाई. पेटी टिकली पायजे." कुट्ट्या बंद, गिझर बंद, माझा पट्टा बंद. साहेब पेटीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर कागद. मीही बघायला गेले होते. अकराच्या सुमारास ढग आले. साहेबांनी ते साडेबाराला सांगितले होते. पाट्या मंदावल्या. इथवर ठीक.

बाराला साहेबांचा फोन वाजला. पलीकडून कमल. आवाज असा, की फोन कानाला लावायची गरज नव्हती.

"साहेब, आमची टाकी बंद पडली! सकाळचं दूध आतच हाय, कोमट व्हाया लागलंय!"

"ताई, पंधरा मिनिटं थांबा. यंत्र नवा बेत करेल."

पंधरा मिनिटं झाली, नवा बेत आला, टाकी बंदच. पुन्हा पंधरा मिनिटं. साहेबांनी पडदा माझ्याकडं फिरवला. इंग्रजी मला वाचता येईना, पण चित्र कळलं. संध्याकाळच्या बाजूला आमच्या वस्तीचा हा एवढा डोंगर. आप्पांची कुट्टी, गिझर, माझी गिरणी. यंत्राला वाटत होतं हे सगळं संध्याकाळी येणार, आणि ऊन तर गेलेलं. म्हणून ते पेटी दाबून बसलं होतं. न येणाऱ्या संध्याकाळसाठी. आणि ज्यांची सवय लहान, त्यांच्यात कपात. कमलच्या दुधावर.

"संध्याकाळी कुनी काय लावनार न्हाई, साहेब," मी म्हणाले. "तुम्ही सांगा की त्याला."

"त्याला सांगायची सोय नाही. ते फक्त बघून शिकतं."

पुन्हा फोन. कमल आता ओरडत नव्हती. "साहेब, दोन गावांत आमच्याच बायकांनी खोटं केलं न्हाई. आन् आमचंच दूध?"

साहेब उभे राहिले. हातातला कागद फाडला नाही, नुसता खाली टाकला. गळ्यातली किल्ली काढली आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा आमची वस्ती सगळी बंद होती. घरं, पंखे, आप्पांचा बंगला, सगळं. चालू फक्त दुधाच्या दोन टाक्या, एक अलीकडची आणि एक पलीकडची.

आप्पा बनियनवर आले. "माझा पंखा बंद कुनी केला?"

"मी."

"यंत्रानं?"

"नाही. मी. कोण खरं बोलतंय ते मला कळत नाही, म्हणून सगळेच बंद."

आप्पांना वीस वर्षांत असं कुणी बोललं नसेल. ते घाम पुसत परत गेले. साहेब संध्याकाळी सातपर्यंत पेटीच्या आत उभे. दर पाव तासाला दोन्ही टाक्यांचं तापमान फोनवर विचारायचे आणि हातानं कमीजास्त करायचे. सातला लाइन आली. दूध दोन्हीकडचं वाचलं. आणि पेटी निम्मी भरलेली उरली. आमच्या खोटेपणाचं माप त्या पेटीत शिल्लक राहिलं होतं, दोन्ही गावांना दिसेल असं.

चार दिवसांनी शाळेच्या पडवीत बैठक झाली. पुण्याहून कंपनीच्या बाई आल्या होत्या. पलीकडून कमल आणि तिच्याबरोबर तिघी. बाकीच्या धारेच्या वेळेमुळं आल्या नव्हत्या. बाई चांगल्या बोलल्या. दूध वाचलं, पेटी ठेवायला हरकत नाही, फक्त एक अडचण. यंत्र मधेच बंद करून पेटी हातानं का चालवली, त्याचं कारण कागदावर हवं. "ढग लवकर आले, असं लिहू ना?" त्यांनी स्वतःच विचारलं. दार उघडून दिलं होतं. आपण फक्त आत जायचं.

साहेब म्हणाले, "नाही. ढगांचा काही दोष नाही."

आणि वही काढून वाचायला लागले. नाव, काय सांगितलं, खरं किती. परीक्षेनंतर वस्ती गुमान वागत होती, त्या चार दिवसांचं मीटर त्यांनी खरं धरलं होतं. पहिलं नाव आप्पांचं. मग एकेक घर. आवाज चढवला नाही, उतरवला नाही. मधेच आलं, "हौसाक्का, गिरणी. सांगितले साडेचार तास. खरे दीड. रिकामा पट्टा रोज तीन तास." ज्या आवाजात आप्पांचं वाचलं त्याच आवाजात माझं. वर्षभर माझ्या दारात बसून जेवलेला माणूस. निदान माझ्या नावाला घसा तरी खाकरायचा होता.

कमल खुशीत नव्हती. तिलाही कळलं असावं, की वाचणाऱ्याचं आता काही खरं नाही.

आप्पा उठले. "बाई, पेटी ऱ्हाऊ द्या. लई चांगली पेटी हाय. पर ह्यो माणूस आमाला नको. गावाची बदनामी करतोय."

"आप्पा, त्यांनीच दूध वाचवलं न्हवं?" कमल म्हणाली.

"दूध पेटीनं वाचवलं."

बाईंनी साहेबांकडं बघितलं, मग हातातल्या कागदाकडं. म्हणाल्या, यंत्रात सुधारणा झाली आहे, आता ते पुण्यातूनच चालवता येईल, तेव्हा तसाही इथं माणूस लागणार नाही. तरी दोन्ही गावांचं मत घेऊ. साहेब नकोत असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.

हात वर गेले. कमल धरून त्या चौघी सोडून जवळपास सगळ्यांचे. माझाही. आपोआप गेला असं म्हणणार नाही, मी वर केला. माझं नाव वाचलं नसतं तर खाली ठेवला असता, हेही लिहून ठेवते. साहेबांनी हात मोजले आणि वहीत आकडा लिहिला. चालणारं पेन पहिल्याच झटक्यात सापडलं.

त्याच दुपारी त्यांनी मोटरसायकलला सामान बांधलं. कंपनीच्या दौंडच्या ऑफिसला सगळं जमा करायचं होतं, म्हणून पुलाकडं निघाले. माझ्या दारावरून गेले. थांबले नाहीत. थांबावं असं मी काही केलंही नव्हतं.

आमचा पूल अरुंद आहे, एका वेळी एकच गाडी जाते. साहेब मध्यावर पोचले आणि समोरून दुधाचा टेम्पो आला, पलीकडच्या संस्थेचा, कॅन खच्चून भरलेले. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. साहेबांनी गाडी वळवायचा प्रयत्न केला, सामानामुळं वळेना. मग दोन्ही पाय जमिनीला टेकवून, गाडीवर बसल्या बसल्या, ती मागं ढकलत ते पुलाच्या तोंडापर्यंत आले. लांब मान वळवून मागं बघत, एकेक पाऊल. टेम्पो त्यांच्या गुडघ्याला घासून पुढं गेला. ड्रायव्हरनं बघितलंही नाही. साहेबांनी शर्टावरची धूळ झटकली, गाडीला किक मारली आणि पुन्हा पुलावर चढले.

हाक मारावीशी वाटली असं लिहिलं तर वाचणाऱ्यांना बरं वाटेल. वाटली नाही. गिऱ्हाईक उभं होतं, ज्वारीचं दळण होतं. मी आत गेले आणि मोटरीचा खटका दाबला. वीज होती.